रोलरकाकांचा ताप

माणसाच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, चष्मा असतो, फार तर मोबाईल असतो. आमच्या घरमालकांच्या खिशात थर्मामीटर असायचा. काचेचा, पाऱ्याचा, टोपण घातलेला. पेन समजून पोस्टमनने तो एकदा सहीसाठी मागितला होता. काकांनी आधी त्याचा ताप पाहिला आणि मग घरातून पेन आणून दिला.

काकांचं नाव नामदेवराव, पण अमरावतीतल्या आमच्या गल्लीत नामदेवराव कोण असं विचारलं तर कोणी सांगू शकणार नाही. बांधकाम खात्यात त्यांनी आयुष्यभर रोडरोलर चालवला, म्हणून ते रोलरकाका. पत्नीला जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, सुनंदाताई, अकोल्याला दिलेली आहे. घरात काका एकटे, आणि मागच्या खोलीत भाड्याने मी.

मी बाळापूर तालुक्यातला. आमची झेंडूची आणि वांग्यांची वाडी आहे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे खोली शोधायला आई आणि बाबा दोघंही सोबत आले होते. काकांनी भाडं सांगण्याआधी माझ्या काखेत थर्मामीटर ठेवला. आईला वाटलं, शहरात खोली देताना असंच करत असतील. तिने बाबांनाही हात वर करायला लावला. काकांनी दोघांचा पारा उजेडात धरून पाहिला आणि निकाल दिला, "नॉर्मल हाय. राहू द्या पोट्ट्याले."

तेव्हापासून माझा ताप नियमाने पाहिला जाऊ लागला. पेपरच्या दिवशी जाताना आणि आल्यावर. दूधवाल्याचा पाहिला जाई, गॅसवाल्याचा पाहिला जाई. विरजण लावताना दुधात बोट बुडवणाऱ्यांचा तर काकांना फार राग येतो. दूध किती कोमट आहे हे बोटाला काय कळणार, असं ते म्हणतात. विरजणाचा थर्मामीटर वेगळा आहे असंही ते सांगतात. मला आजवर घरात एकच दिसला आहे. म्हणून मी त्यांच्याकडचं दही खात नाही.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्व आहे: "अंग बोललं पायजे." माणूस खोटं बोलतो, अंग खोटं बोलत नाही. अंगाचं म्हणणं पाऱ्यात उमटतं. फक्त ते वाचण्याआधी पारा झटकावा लागतो, आणि झटकण्याचा अधिकार गल्लीत एकट्या काकांना आहे. मी एकदा झटकायला गेलो तर त्यांनी माझा हात वरच्या वर पकडला. "सायन्सवाले," ते म्हणाले, कारण मी बी.एस्सी. करतो, "हे तुमच्या कालेजात शिकवत नाईत. मनगटात रोलर पायजे."

मनगटात रोलर म्हणजे काय हे मला अजून समजलेलं नाही. पण काकांच्या सगळ्या अंगातच रोलर आहे हे मात्र खरं. ते चालतात तेव्हा टाचेने रस्ता दाबून पाहतात. त्यांची एक जुनी स्कूटर आहे, ती ते रोलरच्याच वेगाने चालवतात. त्यांच्या मागे बसलो असताना एका सायकलवाल्याने आम्हाला गाठून विचारलं होतं, "काका, धक्का मारू का?" अमरावती–अकोला रस्त्याचा विषय निघाला की काका खुर्चीत ताठ बसतात. आता तो मोठा झाला, नवा झाला, गाड्या सुसाट जातात. काकांना त्याचं काही नाही. "वरचं डांबर त्यायचं," ते म्हणतात, "खालची खडी माही हाय."

कोरोनाच्या लसीबद्दलही त्यांचं मत असंच पक्कं होतं. सुई टोचली आणि अंग गप्प राहिलं, तर सुई वाया गेली. पहिल्या डोसला त्यांना सणसणून ताप आला, दुसऱ्यालाही आला. दोन्ही वेळा अकोल्याहून सुनंदाताई धावत आल्या होत्या. मी तेव्हा इथे नव्हतो, पण काका या दोन तापांच्या गोष्टी लोक लग्नाच्या गोष्टी सांगतात तशा रंगवून सांगत. त्यात ताप थोडा असे आणि ताई जास्त. ताईंनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मुगाची पातळ खिचडी खायला घातली, पडदे काढून धुतले, आणि मीठ साखरेच्या डब्यात पाहून बापाला झापलं. झापल्याचा भाग ते दोनदा सांगत. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं सगळंच दोनदा सांगतात.

मग गेल्या साली नाही, त्याच्या आधीच्या कुठल्यातरी मे महिन्यात म्हणा, काकांच्या तिसऱ्या डोसची पाळी आली. म्हणजे बूस्टरची. माझा दुसराच डोस राहिला होता. काका म्हणाले, सोबतच जाऊ.

दोन दिवस आधी घराचं लग्नघर झालं. काकांनी खाटेच्या नवारी ताणल्या. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, धुऊन, इस्त्री करून वाटीशेजारी रचल्या. मुगाची डाळ निवडली. गोळ्यांची पाकिटं देवघरात गणपतीच्या बाजूला ठेवली. एवढं झाल्यावर अकोल्याला फोन लावला. काका मोबाईल आरशासारखा समोर धरून बोलतात, त्यामुळे दोन्हीकडचं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"सुनंदा, परवा मले ताप येऊन राहिला."

 ताईंनी विचारलं की परवाचा ताप आज कसा कळला. काकांनी तिसऱ्या डोसचं सांगितलं. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ताई ब्लाउज शिवतात, आणि लग्नसराई जोरात होती. सासूबाईंचे गुडघे धरले होते, मुलांना सुट्ट्या होत्या. "बाबा, आला तं फोन करा," त्या म्हणाल्या, "मंग पायतो कसं जमते ते."

फोन बंद झाला तरी काका थोडा वेळ त्यात पाहत बसले. मग मला म्हणाले, "आला तं काय आला तं. येणारच हाय."

लसीकरण केंद्रावर त्या दिवशी फारशी गर्दी नव्हती. जो तो सिस्टरला एकच विचारत होता, ताप तर येणार नाही ना. माझ्या मागून काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी बाही वर केली आणि अगदी नम्रपणे विनंती केली, "बाई, जरा भारीतला द्या. अंग बोललं पायजे."

सिस्टरने सुई टोचली आणि हसून सांगितलं की तिसऱ्याला बहुतेकांना फारसं काही होत नाही, घाबरू नका. काकांचा चेहरा पडला. सुई टोचण्याआधी कोणाचा चेहरा पडतो, त्यांचा टोचल्यावर पडला. नंतर अर्धा तास बसायचं असतं, त्यात त्यांनी तीनदा काखेत थर्मामीटर घातला. शेजारचे आजोबा चौकशी करू लागले तेव्हा त्यांच्याही काखेत घातला. आजोबांना किंचित कणकण निघाली. काका त्यांच्याकडे असे पाहत राहिले, जसं मी पहिल्या नंबरच्या मुलाकडे पाहतो.

घरी आलो. काका आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून खाटेवर पडले. उशाला पट्ट्या, पायाशी घडी घातलेली गोधडी. बाहेर मे महिन्याचं अमरावतीचं ऊन, आत कूलरची घरघर. आम्ही तापाची वाट पाहू लागलो. काका मधूनमधून पारा पाहत आणि स्टँडवर बसल्यासारखं सांगत, "नाई आला अजून." पुढे पुढे त्यांचा धीर सुटत चालला. "मधात कोठी अटकला काय मालूम," असं म्हणून त्यांनी भाकरीसोबत मिरच्यांचा ठेचा खाल्ला. घाम आला, ताप आला नाही.

शेवटी त्यांचा डोळा लागला. झोपण्याआधी त्यांनी माझ्यावर जबाबदारी टाकली. म्हणाले, मी झोपेत असलो तरी पाहत राहा, आणि एकशे दोनच्या वर गेला तर सुनंदाला फोन कर. थर्मामीटर त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. त्या खिडकीला पडदा नाही. दुपारचं ऊन थेट कट्ट्यावर येतं.

मी थोड्या वेळाने तो उचलला. बोटांना गरम लागला. आता झटकायला हवा होता, पण झटकण्याचा अधिकार मला नव्हता, आणि झोपलेल्या माणसाला झटकण्यासाठी उठवणं बरं दिसलं नसतं. मी तो तसाच हळूच त्यांच्या काखेत ठेवला. वेळ झाल्यावर काढून उजेडात धरला. पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला होता. एकशे आठ.

मी फिजिक्सचा विद्यार्थी आहे. उन्हात ठेवलेला पारा चढतो आणि झटकल्याशिवाय उतरत नाही हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसह लिहिलं असतं. पण माझे हातपाय थरथरत होते, डोकं जड झालं होतं, आणि ते सगळं भीतीने होतंय असं मला वाटत होतं. मी काकांच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार लागलं. ताप आतल्या आत असेल, असा मी विचार केला. अँब्युलन्सचा नंबरही एकशे आठच आहे हे आठवून मी तो लावायलाही घेतला. पण काकांनी सांगितलं होतं सुनंदाताईंना फोन करायला, म्हणून आधी त्यांना केला.

"ताई, काकांना एकशे आठ ताप आहे."

मशीन थांबलं. "बोलून राहिले का?"

"नाही. झोपलेत. घोरतात."

"घोरतात?"

"हो. मोठ्याने."

 ताई म्हणाल्या की अँब्युलन्स-बिम्ब्युलन्स काही बोलावू नको, घोरणं थांबलं तर लगेच सांग, मी निघाले. त्यांच्या पाठीमागे कोणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं. "बाबाले एकशे आठ ताप हाय," असं ताईंनी सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

काका जागे झाले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ताई येताहेत हे ऐकताच ते उठून बसले, केसांवरून हात फिरवला, मीठ आणि साखर आपापल्या डब्यात आहे का ते पाहून आले. मग त्यांनी विचारलं, किती ताप सांगितलास.

"एकशे आठ."

"अबे लेका, एकशे आठले माणूस राह्यते का?"

त्यांनी थर्मामीटर घेतला, मनगटातला रोलर फिरवून झटकला आणि काखेत घातला. साडेअठ्ठ्याण्णव. त्यांचं सगळं अवसान गळालं. लग्नसराईतली पोरगी मशीन सोडून निघाली होती, आणि इकडे अंग गप्प होतं. "फोन लाव तिले," ते म्हणाले, "येऊ नको म्हणा." मी फोन हातात घेतला. नंबर शोधेपर्यंत ते पुन्हा म्हणाले, "राहू दे. गाडीत बसली असंन. गाडीत आयकू येत नाई."

मग एकच उपाय उरला. ताई येईपर्यंत ताप आणायचा. काकांनी कूलर बंद करायला लावला आणि मे महिन्यात, अमरावतीत, गोधडी डोक्यावरून घेतली. दर थोड्या वेळाने गोधडीतून हात बाहेर येई, त्यात थर्मामीटर असे, आणि मी उजेडात पाहून नाही म्हणून मान हलवत असे. "आयुष्य गेलं इंजिनापाशी," गोधडी म्हणाली. "मले गरमीच चढत नाई."

मला राहवलं नाही. मी भीत भीत विचारलं, की काका, तापाशिवाय बोलावलं तर ताई येणार नाहीत का.

गोधडीबाहेर आलेला हात थर्मामीटरसकट आत गेला. मला वाटलं, रागावले.

"मायनं बलावलं तं लेक माहेरी येते," ते आतूनच म्हणाले. "बापानं बलावलं तं लोक इचारतात, काय झालं? काई तं झालं पायजे ना, बाप्पा."

मग तुम्हीच का जात नाही, असं मी विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं. जुनी माणसं मुलीच्या घरी राहत नाहीत. काका अकोल्याला लग्नकार्याला जातात, ताईंच्या दारात उभ्या उभ्या पाणीही न पिता विचारपूस करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात.

ताई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. खाटेवर घामाने निथळणारी एक गोधडी होती आणि उंबरठ्यावर कुडकुडत बसलेला मी. ताईंनी पिशवी खाली ठेवली, गोधडी बाजूला करून बापाच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याजवळ येऊन माझ्या कपाळाला लावला.

"ताप तं अथी हाय," त्या म्हणाल्या.

काका एका उडीत खाटेवरून उतरले. त्यांनी पारा झटकला, माझ्या काखेत ठेवला, आणि काढून पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. एकशे दोन. "पाय सुनंदा," ते म्हणाले, "माहं नाई तं याचं बोललं."

दुसऱ्या डोसचा ताप मला चढला होता आणि एवढ्या गडबडीत तो कोणी पाहिलाच नव्हता. आता मात्र सगळी तयारी कामाला आली. मला ताणलेल्या नवारीच्या खाटेवर निजवलं. इस्त्रीच्या पट्ट्या माझ्या कपाळावर आल्या, गणपतीजवळची गोळी मला मिळाली, निवडलेल्या मुगाची खिचडी मला. मला फार संकोच वाटत होता. दुसऱ्याच्या लग्नात चुकून बोहल्यावर चढल्यासारखं झालं होतं. काका शेजारी खुर्चीत बसून ताईंचा प्रत्येक हात पाहत होते. मधेच एकदा हळूच म्हणाले, "मलेबी जराशी कणकण हाय." ताईंनी न पाहता त्यांनाही एक ओली पट्टी दिली. काकांनी ती स्वतःच्या कपाळावर ठेवली आणि समाधानाने डोळे मिटले. ताई स्वयंपाकघरातून त्यांना झापत होत्या, तेल उघडं का ठेवलं, तवा का घासला नाही, आणि काका भजन ऐकावं तसं ऐकत होते.

माझी पट्टी बदलताना काकांनी मला सांगितलं की सुनंदा तान्ही होती तेव्हा रस्त्याचं काम मूर्तिजापूरजवळ होतं. सगळे तंबूत राहत. ती एकदा तापाने फणफणली. किती ताप आहे ते सांगायला जवळपास कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी हा थर्मामीटर विकत घेतला. एवढंच सांगून ते पट्टी पिळायला गेले.

सकाळी काका दूध आणायला गेले तेव्हा मी ताईंची माफी मागितली. माझ्या चुकीच्या आकड्यामुळे त्यांना काम सोडून यावं लागलं. ताई पडदे काढत होत्या.

"तू घोरतात म्हनलास ना, तवाच समजलं मले," त्या म्हणाल्या. "एकशे आठवाला घोरत नाई."

"मग तुम्ही आलात कशा?"

त्यांनी पडद्याची घडी घातली. "घरी सांगाले आकडा पायजे होता, भाऊ. बापाले भेटाले जातो म्हनलं तं, काहून, काय झालं? एकशे आठ म्हनलं तं सासूबाईनं सोता पिशवी भरून देली."

माझा ताप उतरायला दोन दिवस लागले. काका रोज उतरता पारा पाहून हळहळत. ताई निघायच्या दिवशी काका मागच्या अंगणात त्यांच्यासाठी कैऱ्या उतरवत होते, शर्ट खुंटीला होता. मी खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं, की ताईंनी शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं.

संध्याकाळी काकांनी घर डोक्यावर घेतलं. दह्याच्या पातेल्यातही पाहिलं. तेवढ्यात फोन आला. काकांनी तो आरशासारखा धरला. ताई सांगत होत्या की थर्मामीटर चुकून त्यांच्या पर्समध्ये आला.

"कोणाच्या हाती पाठवून दे," काका म्हणाले.

"काचेची वस्तू, आत पारा. कोणाच्या हाती देऊ? तुमीच या."

"पोरीच्या घरी—"

"राहाले कोण म्हनते? वस्तू न्याले या."

काकांनी यावर बराच विचार केला. मुलीच्या घरी राहू नये हे खरं, पण आपली वस्तू आणायला जाऊ नये असं काही कुठे सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं, पण गाडी सुटल्यामुळे खालच्या खडीचं बोलणं राहून गेलं.

ते चार दिवसांनी आले. हातात सांडग्यांची पिशवी, खिसा रिकामा. मी थर्मामीटरचं विचारलं. त्यांनी खिसा चाचपला.

"अबे, राहूनच गेला तथी," ते म्हणाले. "आता पुन्हा जा लागते."

तेव्हापासून ते अधूनमधून थर्मामीटर आणायला अकोल्याला जातात. इथे आता ते माझा ताप कपाळाला हात लावूनच पाहतात, आणि नॉर्मल आहे म्हणतात. मागच्या खेपेला मी त्यांच्या बोटाला आठवणीसाठी दोरा बांधून दिला होता. परत आले तेव्हा खिसा रिकामाच होता. दोरा मात्र बोटाला तसाच होता, आणि सुनंदाताईंनी त्याच्यावर आणखी एक गाठ मारून दिली होती.